ऑनलाइन एमए सायकॉलॉजी बंद झालंय म्हणतात, मग नोकरीवाल्यांनी करायचं काय?

निवांत_दुपार

नमस्कार मंडळी. या विषयावर आधी धागा निघाला असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

मी डोंबिवलीत राहते, बी.कॉम. झालंय, बरीच वर्षं एचआरमध्ये आहे, मुलगी आता नववीत. सायकॉलॉजीत एमए करायचं खूप दिवसांपासून मनात आहे पण नोकरी सोडून रोज कॉलेजला जाणं शक्य नाही, म्हणून ऑनलाइन बघत होते. मैत्रिणीने इग्नूमधून केलं होतं, तिने तेच सुचवलं. मध्येच एका खाजगी विद्यापीठाच्या साइटवर नंबर टाकला आणि तेव्हापासून त्यांचे ॲडमिशनवाले पिच्छा सोडत नाहीयेत, "मॅडम आज सीट ब्लॉक केली तर डिस्काउंट, डिग्री झाली की तुम्ही स्वतःची प्रॅक्टिस सुरू करू शकता". इकडे नणंद म्हणते असे कोर्स सरकारने बंद केलेत. खरं काय? आणि या डिग्रीवर खरंच प्रॅक्टिस करता येते का? अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

चिवडा_लसूण

रुमाल टाकून ठेवतो. बायकोलाही हेच करायचंय.

तात्या_विंचूरकर

नणंदबाईंचं बरोबर आहे. यूजीसीने ऑगस्ट २०२५ मध्ये नोटीस काढली, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून सायकॉलॉजी डिस्टन्स किंवा ऑनलाइन शिकवायचं नाही, कुठल्याच विद्यापीठाने, आणि आधी दिलेली मान्यताही काढून घेतली. एकटं सायकॉलॉजी नाही, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, फूड अँड न्यूट्रिशन, डाएटेटिक्स हे पण गेले. कारण २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा. त्यात हे विषय आरोग्यसेवेत धरलेत, आणि आरोग्यसेवा घरबसल्या शिकवता येत नाही असं त्यांचं म्हणणं. मला तर पटतं बुवा. घरी बसून फिजिओथेरपिस्ट होता येतं का?

त्या विद्यापीठवाल्याला एक विचारा, कोर्स यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर दिसतोय का? आणि प्रवेशाला डीईबी आयडी लागतो तो काढायला सांगितला का? फोन आपोआप कट होईल.

निवांत_दुपार

अरे देवा. म्हणजे इग्नूचं पण गेलं? डीईबी आयडी वगैरे काहीच बोलला नाही तो, उलट म्हणाला आमचा कोर्स "बिहेवियरल सायन्स" आहे त्यामुळे प्रॉब्लेम नाही.

बाभूळ

नाव बदलून तोच माल. पळ तिथून.

इग्नूचं एमएपीसी, म्हणजे तिथलं सायकॉलॉजीचं एमए, मी केलंय, नवऱ्याच्या बदल्या चालू असताना, त्यामुळे सविस्तर लिहिते. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळायचा ही त्याची सगळ्यात मोठी गोष्ट. माझं बी.एस्सी. केमिस्ट्री. एकूण ६४ क्रेडिट, कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त चार, म्हणजे मध्ये बाळंतपण आलं, सासरे आजारी पडले तरी गाडी रुळावरून उतरत नव्हती. असाइनमेंटला ३० टक्के, परीक्षेला ७०, परीक्षा जून नाहीतर डिसेंबर. पहिल्या वर्षी कॉग्निटिव्ह, लाइफ स्पॅन, पर्सनॅलिटी, सोशल, रिसर्च मेथड्स, स्टॅटिस्टिक्स आणि प्रॅक्टिकल. दुसऱ्या वर्षी क्लिनिकल, काउन्सेलिंग किंवा इंडस्ट्रियल यातलं एक, त्यात प्रॅक्टिकम (देखरेखीखाली प्रत्यक्ष सराव), इंटर्नशिप आणि प्रोजेक्ट.

ज्यांना वाटतं डिस्टन्स म्हणजे पुस्तकं घरी येतात आणि मधून मधून पेपर लिहायचे, त्यांनी ते प्रॅक्टिकल एकदा करून बघावं. म्युलर-लायरचा बोर्ड असतो, पुढून दोन रेघा दिसतात, एकीला बाणाची टोकं आत वळलेली, दुसरीला बाहेर, आणि दुसरी रेघ सरकवता येते. समोरच्याला सांगायचं की दोन्ही सारख्या वाटल्या की थांब. बोर्डाच्या मागे मिलिमीटरची पट्टी असते, चूक किती झाली ती फक्त आपल्याला दिसते. एकदा रेघ लांब ठेवून कमी करत आणायची, एकदा आखूड ठेवून वाढवत न्यायची, असं कितीतरी वेळा. आमच्या शेजारच्या काकू समोर बसल्या होत्या, त्यांना मी आधी सांगितलं की हा डोळ्यांचा भ्रम आहे, दोन्ही रेघा सारख्या असताना वेगळ्या दिसतात. तरी त्या दर वेळी त्याच बाजूला चुकत होत्या आणि दर वेळी माझ्याकडे बघून "आता बरोबर ना गं?" म्हणत होत्या. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही हा नियम मी पुस्तकात वाचला होता, पाळायला किती अवघड आहे ते तिथे कळलं. मग त्या आकड्यांचं मीन म्हणजे सरासरी, एसडी म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, सगळं हाताने, कारण व्हायव्हात विचारतात.

तेव्हा तात्या, फिजिओथेरपीशी तुलना करताना जरा जपून.

तात्या_विंचूरकर

बाभूळताई, तुम्ही मन लावून केलंत, सगळे करतात का? इंटरनेटवरून तयार असाइनमेंट विकत घेऊन छापणारे मी डोळ्यांनी बघितलेत. केस हिस्टरी तर कल्पनेतून लिहितात. उद्या तोच माणूस पाटी लावून बसला आणि आत्महत्येचे विचार येणारं पोरगं त्याच्यासमोर आलं तर?

बाभूळ

रेग्युलर कॉलेजात जर्नल कॉपी करत नाहीत वाटतं? चला, आपण दोघेही कॉलेजात होतो. 😀

मृण्मयी_क्लिनिक

वाचनमात्र होते पण इथे लिहावंसं वाटलं. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, सरकारी मनोरुग्णालयात काम केलंय, आता स्वतःचं क्लिनिक.

आधी निवांतताईंचा दुसरा प्रश्न, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. नुसत्या एमएवर, ऑनलाइन असो की पुण्या-मुंबईच्या नामांकित कॉलेजातलं रेग्युलर असो, भारतात "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" म्हणवून घेता येत नाही. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ मध्ये व्याख्याच दिलीय, आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलने मान्य केलेली पात्रता लागते. इतकी वर्षं तो रस्ता म्हणजे एमएनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., हॉस्पिटलमध्ये, सुपरव्हिजनखाली. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. गेलं, आमच्या विषयापुरती त्याला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली होती, पुढे आरसीआयचे नवे कोर्स आहेत. त्यामुळे कुणी क्लिनिकलचं स्वप्न दाखवत असेल तर आरसीआयच्या साइटवर मान्य संस्थांची यादी असते ती उघडून त्याच्यासमोर धरा. तो एमएच्या नंतरचा टप्पा पूर्वीही कधी ऑनलाइन नव्हता.

काउन्सेलिंगचं वेगळं आहे. तिथे आजवर लायसन्स असा प्रकारच नव्हता, त्यामुळे एमए झालेले, डिप्लोमावाले, वीकेंडचं सर्टिफिकेटवाले, सगळ्यांच्या पाट्या एकाच रस्त्यावर. २०२१ च्या कायद्यामुळे हे हळूहळू बदलेल, नोंदणी येईल. ऑनलाइन बंदी त्याच धोरणातून आलीय.

बंदीबद्दल माझं मत विचाराल तर अर्धवट पटते. स्टॅटिस्टिक्स, पर्सनॅलिटीच्या थिअरीज, पियाजे, एरिक्सन हे घरी रात्री अकरा वाजता भांडी घासून झाल्यावर लॅपटॉपवर शिकता येतं, कदाचित वर्गापेक्षा बरं, कारण व्हिडिओ थांबवता येतो. पण मुलाखत घेणं? कोविडमध्ये आमच्याकडच्या ट्रेनींना काही महिने स्क्रीनवरच केसेस दिल्या होत्या. एक आई मुलाच्या शाळेच्या तक्रारी सांगत होती, आवाज शांत, चेहरा हसरा, ट्रेनीने लिहिलं "आई सहकार्य करते, ताण जाणवत नाही". पुढे त्या प्रत्यक्ष आल्या. खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंत पाय हलत होता, ओढणीचं टोक बोटाला इतकं गुंडाळलेलं की बोट पांढरं पडलेलं. स्क्रीनवर हे सगळं चौकटीच्या खाली राहिलं होतं. ट्रेनीच्या शेजारी मी बसले होते म्हणून तिला कोपराने खुणावता आलं. हे कोपराने खुणावणं कुठल्या ॲपवर होतं ते सांगा, मी लगेच ऑनलाइन शिकवायला तयार आहे.

चिवडा_लसूण

वाखू (वाचनखूण) साठवली. मॅडम, मग तुमच्या मते करायला काय हवं होतं?

मृण्मयी_क्लिनिक

थिअरी राहू द्यायची आणि माणसांसमोर बसण्याचे तास कडक करायचे. किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, सही कोणाची, त्या सहीवाल्याची नोंदणी आहे का. झडती तिथे घ्यायची. आपल्याकडे तपासणं अवघड म्हणून बंद करणं सोपं पडतं.

न्यूजर्सीकर

अगदी हेच इकडे आहे, म्हणून लिहितेय. मी मूळची नागपूरची, इकडे क्लिनिकल मेंटल हेल्थ काउन्सेलिंगचं मास्टर्स करतेय, ऑनलाइन, ६० क्रेडिट. सीएसीआरईपी नावाची मान्यता देणारी संस्था आहे, ती ऑनलाइन कोर्सलाही मान्यता देते, मात्र तासांमध्ये सूट नाही. आधी १०० तासांचं प्रॅक्टिकम, त्यातले ४० प्रत्यक्ष क्लायंटसोबत, मग ६०० तास इंटर्नशिप, त्यातले २४० क्लायंटसोबत. लेक्चर घरून, पण हे तास आपल्याच गावातल्या सेंटरमध्ये जाऊन भरायचे. आणि ते सेंटर शोधायचं काम बहुतेक वेळा विद्यार्थ्याचंच असतं बरं का, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतं. मी किती ठिकाणी मेल टाकले याची मोजदाद सोडून दिली. शेवटी घरापासून बऱ्याच लांब एका व्यसनमुक्ती केंद्रात जागा मिळाली, आणि आता वाटतं तिथेच जे काय शिकले ते शिकले.

डिग्रीनंतरही लायसन्ससाठी हजारो तास सुपरव्हिजनखाली काम. प्रत्येक राज्याचा आकडा वेगळा, कॅलिफोर्नियात फॅमिली थेरपिस्टला ३००० तास. त्यामुळे इकडे ऑनलाइन एमए म्हटलं की कोणी नाक मुरडत नाही, पहिला प्रश्न मान्यता कोणाची आणि दुसरा प्रश्न तास कुठे केलेस. पीएचडी/साय.डी. (सायकॉलॉजीतली डॉक्टरेट) चं मात्र वेगळं, पूर्ण ऑनलाइन डॉक्टरेटला एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन मान्यता देत नाही. भारतातून कोणी अमेरिकन ऑनलाइन डॉक्टरेट घ्यायच्या विचारात असेल तर सावधान, तिकडे प्रॅक्टिसला उपयोग नाही आणि इकडेही नाही.

केतकी_लीड्स

यूकेची भर घालते. इथे दुसऱ्या विषयातल्या पदवीधरांसाठी सायकॉलॉजीचं कन्व्हर्जन एम.एस्सी. असतं, बऱ्याच विद्यापीठांचं पूर्ण ऑनलाइन, आणि ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असेल तर पुढच्या ट्रेनिंगला अर्ज करता येतो. अर्ज करता येतो, एवढंच. क्लिनिकल डॉक्टरेट तीन वर्षं पूर्णवेळ आणि जागांसाठी मारामार. गंमत म्हणजे इथे नुसतं "सायकॉलॉजिस्ट" कोणीही लावू शकतं, कायद्याने जपलंय ते "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट", "काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट" वगैरे. फी पाउंडात, त्यामुळे भारतात बसून करावं असं मी कोणाला सांगणार नाही. वर यूजीसीच्या २०२५ च्या परदेशी डिग्रीच्या नियमांप्रमाणे समकक्षता हवी तर शिक्षण प्रत्यक्ष हजर राहून झालेलं लागतं.

निवांत_दुपार

सगळ्यांचे खूप आभार, इतकं तर त्या ॲडमिशनवाल्याने पूर्ण आठवड्यात सांगितलं नाही. त्याला डीईबी आयडीचं विचारलं तर म्हणाला सीनियर कॉल करतील. अजून आला नाही कॉल. 🙂

पण मग माझ्यासारखीने करायचं काय? मला क्लिनिकल नकोच आहे. ऑफिसात लोक रडत येतात माझ्याकडे, अप्रेझलच्या वेळी तर रांग. ऐकून घेते, पण ऐकून घेण्याच्या पुढे काय करायचं ते कळत नाही.

गुरुजी_चिपळूण

आधी माझ्यासारख्या शिक्षकांसाठी एक रस्ता सांगतो, कोणाच्या उपयोगी पडेल. एनसीईआरटीचा गाइडन्स अँड काउन्सेलिंगचा डिप्लोमा आहे, एक वर्षाचा. पहिले सहा महिने दूरस्थ, मग तीन महिने प्रत्यक्ष हजेरी, मग तीन महिने आपल्याच गावाकडे इंटर्नशिप. महाराष्ट्र-गोव्याला भोपाळचं केंद्र आहे. मृण्मयीताई म्हणतात तशी ही मिसळणच आहे बघा, म्हणजे आपल्या देशात हे जमतंय. तीन महिने भोपाळला राहायचं म्हटल्यावर घरी आधी ठराव पास करून घ्यावा लागतो तेवढंच. मी गेलो तेव्हा वर्गात निम्म्याहून जास्त शिक्षिका होत्या, एकीने सासूबाईंनाच सोबत आणलं होतं.

बाकी बंदीचा राग मला वेगळ्या कारणाने येतो. आमच्या तालुक्यात पोरं दहावी-बारावीच्या निकालाला काय काय करून घेतात ते बघतो दर वर्षी. सायकॉलॉजिस्ट कुठे, तर रत्नागिरी नाहीतर थेट मुंबई-पुणे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय, २०२२ पासून आहे तो, मराठीत बोलता येतं. पण त्या फोनच्या पलीकडे बसायलाही माणसं लागतात ना? ती येणार कुठून, जर मालवणातल्या, गडचिरोलीतल्या पोरीला एमए करायला शहरात खोलीच घ्यावी लागणार असेल? शिकलेली माणसं शहरात गोळा होणार आणि गावात पुन्हा भगत.

तात्या_विंचूरकर

गुरुजी, इथे तुम्ही मला गप्प केलंत. तरीपण भगताच्या जागी अर्धवट शिकलेला काउन्सेलर आला तर तो जास्त धोक्याचा, कारण त्याच्याकडे सर्टिफिकेट असतं.

बाभूळ

तात्या गप्प झाले म्हणाले आणि लगेच बोलले. नोंद घ्यावी.

अवांतर: डिस्टन्सची आधी घेतलेली डिग्री आता वाया गेली का म्हणून मला तीन मैत्रिणींचे फोन आले. नाही गेली. नोटीस नव्या प्रवेशांबद्दल आहे. आणि मान्यताप्राप्त डिस्टन्स डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरायची हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे, नेट परीक्षा वगैरे देता येते. कागद फेकू नका. फक्त आरसीआयच्या कोर्सला किंवा नोकरीला अर्ज करताना त्यांच्या जाहिरातीत "रेग्युलर मोड" लिहिलंय का ते बघा, काही जण लिहितात.

मृण्मयी_क्लिनिक

निवांतताई, तुमच्यासाठी. "ऐकून घेण्याच्या पुढे" काय, याला दोन वर्षांचं एमएच लागतं असं नाही. मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं: आधी स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर सायकॉलॉजीचे कोर्स फुकट आहेत, आयआयटीच्या प्राध्यापकांचेही, त्यातला एक बेसिक आणि एक स्टॅटिस्टिक्सचा करून बघा. स्टॅटिस्टिक्स मुद्दाम म्हणतेय, कारण या विषयाकडे येणाऱ्या बहुतेकांना वाटतं इथे फक्त फ्रॉइड आणि स्वप्नं असतात, आणि मग टी-टेस्ट, अनोव्हा, काय-स्क्वेअर आलं की माणसं गळतात. तिथे टिकलात तर पुढचा विचार.

दुसरं, शनिवार-रविवारी प्रत्यक्ष माणसांत जाता येईल असं काहीतरी. ठाण्यात तुमच्या जवळच आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली संस्था, तिथे काय ट्रेनिंग चालू आहे याची चौकशी करा. डिप्लोमा कुठलाही घ्या, पण विचारायचं एकच: मला समोर क्लायंट बसवून, कोणीतरी अनुभवी बघत असताना, किती वेळा बोलायला मिळेल? उत्तर "रोल प्ले करून घेतो" एवढंच आलं तर फी कितीही कमी असो, सोडून द्या.

आणि एवढं करूनही एमए हवंच वाटलं तर रेग्युलर. कलिनाला मुंबई विद्यापीठाचा अप्लाइड सायकॉलॉजीचा विभाग आहे. बी.कॉम. वाल्यांना कुठे घेतात, कुठे आधी बीएचे पेपर द्यायला लावतात, ते त्या त्या ठिकाणचं माहितीपत्रक बघूनच ठरवा.

चिवडा_लसूण

बायकोला हा धागा वाचायला दिला. ती म्हणतेय, स्टॅटिस्टिक्स आहे हे आधी का नाही सांगितलं. पुढचं कळवतो.

निवांत_दुपार

मृण्मयीताई, सेव्ह करून ठेवलंय. स्वयमवर लॉगिन केलं आत्ताच. एक शंका, ऑफिसात लोक माझ्याकडे येतात तेव्हा मी एचआर असते, म्हणजे त्यांचं अप्रेझलही माझ्याच टेबलवरून जातं. मी शिकले तरी त्यांचं काउन्सेलिंग मी करणं बरोबर आहे का?

मृण्मयी_क्लिनिक

नाही. ऐकून घ्या, धीर द्या, आणि बाहेरच्या माणसाकडे पाठवा. पगारवाढ ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर कोणी खरं बोलत नाही, आणि बोललं तर पुढे तुम्हालाच ते विसरता येत नाही. तुमच्या कंपनीत बाहेरच्या काउन्सेलरची सोय नसेल तर ती सुरू करायचा प्रस्ताव मांडा, ते काम तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोणी करू शकणार नाही. नमुना हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे एक आहे.

निवांत_दुपार

व्यनि केलाय.

तात्या_विंचूरकर

त्या विद्यापीठाच्या सीनियरचा फोन आला की नाही, ते तेवढं कळवा.